शेवटचा नग

सोमवार, ४

ताईच्या काज मशीनने आज मान टाकली. संध्याकाळी फोन आला. कसा आहेस नाही, जेवलास का नाही, एकदम, "बापू, तुमच्या कंपनीचं लोखंड मेलं." मी म्हटलं, लोखंड मरत नसतं, झालंय काय ते नीट सांग. आतलं पितळी दातेरी चाक झिजलंय. सुई खालीवर होते, पण कापड जागचं हलत नाही, त्यामुळे काजाच्या जागी दोऱ्याचा नुसता गुंता होतो.

अगदी नको त्या वेळेला. ताईला या वर्षी पहिल्यांदाच मोठ्या शाळेच्या सगळ्या शर्टांचं काम मिळालंय. तिच्याकडे चार बाया. तिघी शिवतात, चौथी फक्त काजं करते. तिचं नाव मला माहीत नाही, सगळे काजवालीच म्हणतात. काजावर मजुरी, म्हणजे मशीन बंद तर ती घरी. आणि पुढच्या महिन्याच्या मध्यापर्यंत शर्ट पोचले नाहीत तर शाळा पुन्हा ताईला दारात उभं करणार नाही.

"पार्टांचं स्टोअर कुणाच्या ताब्यात आहे?" मी ऐटीत विचारलं. "उद्या चाक घेऊन येतो."

मंगळवार, ५

तोंड वाजवायची मला हौस फार. चाकाचा खण रिकामा. शेवटचं चाक मागच्याच वर्षी मी स्वतः दिलेलं. हे मॉडेल बंद होऊन बरीच वर्षं झाली, नवा माल येत नाही.

म्हणजे एक आहे. नमुन्याच्या कपाटात.

माझ्या आधीच्या स्टोअरकीपरने मला पहिल्या दिवशी एवढी एकच गोष्ट शिकवली होती. कुठल्याही पार्टचा शेवटचा नग द्यायचा नाही. त्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा आणि काचेच्या कपाटात तारेला अडकवायचा. कागद हरवतात, नकाशे उंदीर खातात, पण नग हातात असला की वस्तू पुन्हा करता येते. तो गेला की ती कशी होती हेच सांगता येत नाही. ते कपाट मी आजवर पुसलं, मोजलं, कुलूपबंद ठेवलं. त्यातलं काही दरवाज्याबाहेर गेलेलं नाही. खुद्द जुन्या मालकांनी मागितलं तेव्हाही मी नाही म्हणालो होतो. ते हसले आणि परत गेले.

ताईला फोन केला नाही. उद्या करीन.

गुरुवार, ७

ताईचं झिजलेलं चाक घेऊन लेथवाल्याकडे गेलो. त्याने ते बोटावर फिरवलं आणि परत माझ्या हातात ठेवलं. "बाबा, याचे दाते राहिलेत कुठे? यावरून केलं तर झिजलेलंच चाक नवं करून मिळेल. न वापरलेलं आणा. अर्धा दिवस द्या, चार करून देतो."

न वापरलेलं. मी मान डोलावून निघून आलो.

रविवार, १०

ताई घरी आली होती. हिने चहा केला तो तसाच राहिला.

ताईला लेथवाल्याकडून सगळं कळलंय. ती म्हणाली, "मी ते चाक कायमचं मागत नाहीये. एक दुपार दे. चार करून घेते, तुझं तुला परत. ठिपक्यासकट."

मी म्हटलं, नमुना बाहेर जात नाही.

"मी तुझी बहीण आहे."

मी म्हटलं, म्हणूनच तर. बहिणीसाठी बाहेर काढला तर उद्या मेव्हण्यासाठी काढायचा, परवा शेजाऱ्यासाठी. मग कपाट कशाला आणि मी कशाला?

ताईने माझ्या कॉलरकडे पाहिलं. आई गेली तेव्हा ती स्वतः शाळकरी होती. माझा प्रत्येक शर्ट तिनेच शिवला, कॉलर उलटवून पुन्हा लावली, कोपर फाटलं की ठिगळ असं घालायची की दिसायचं नाही. हे ती कधी बोलून दाखवत नाही, आजही दाखवलं नाही. एवढंच म्हणाली, "बरं. तुझं कपाट सांभाळ." आणि चपला घालून गेली.

ही आत भांडी आपटत होती. "वन्सं पुन्हा येतील तेव्हा चहा तुम्हीच करा," म्हणाली. मी नियमाने वागलो यात माझं काय चुकलं? रागही आला आणि वाईटही वाटतंय.

सोमवार, ११

फाटकावर कर्नलने डबा तपासताना विचारलं, "ताईंचं मशीन सुरू झालं का?"

कर्नल म्हणजे आमचा पहारेकरी. सैन्यात कधी नव्हता, मिशीमुळे नाव पडलंय. उभं राहून पाय सुजलेले असतात, पण वर्दीचा शर्ट कडक इस्त्रीचा. फक्त त्या शर्टाचं सगळ्यात खालचं काज आडवं आहे. बाकीची उभी आणि एकच आडवं. माझी नजर रोज तिथेच जाते. शिंप्याचं लक्ष नसणार, दुसरं काय.

पण ताईच्या मशीनचं याला कुठून कळलं? ही बाजारात सगळ्यांना सांगत सुटली असणार. घरी येऊन विचारलं तर म्हणते, "मी कशाला सांगू? तुमची अब्रू मला झाकायची आहे." पटलं नाही.

शनिवार, १६

मार्ग काढला. आपल्याच कंपनीचं नवं काज मशीन, कर्मचारी म्हणून सवलतीत घेतलं आणि ताईच्या दुकानात पाठवून दिलं. मी गेलो नाही, ती बोलत नाही. दिसायला झकास आहे. पांढरंशुभ्र, गुळगुळीत, आवाज म्हणाल तर मांजर गुरगुरेल तेवढा. अंगावर एकही स्क्रू नाही. नव्या साहेबांनी ते आल्या आल्या आम्हाला सांगितलं होतं, "याला काही करावंच लागत नाही. बिघडलं तर बदला."

रात्री ताईचा हिला फोन. काजवाली पुन्हा कामावर आली. मला बोलावलं नाही, पण ऐकून बरं वाटलं.

गुरुवार, २१

पाच दिवस! पाच दिवस टिकलं ते. कॉलरच्या पट्टीचं जाड काज करताना आत कट्ट झालं आणि बसलं. ताईने उघडायला पाहिलं तर उघडायला जागाच नाही. सर्व्हिसवाला आला, त्याने खोक्याला कान लावला. म्हणाला, आतलं चाक तुटलंय. मग बदल की. "चाक सुटं मिळत नाही. आतलं सगळं एकत्र येतं." मग ते दे. "ते सध्या येत नाही. वर कळवतो."

वर म्हणजे कुठे, हे त्याला माहीत नाही. चाक प्लास्टिकचं होतं म्हणे. मी जन्मभर पितळ मोजलं आणि बहिणीच्या घरी प्लास्टिक पाठवलं. काजवाली पुन्हा घरी बसली.

शुक्रवार, २२

नव्या साहेबांनी बोलावलं. जुन्या मॉडेलचं स्टोअर महिनाअखेरीस बंद. मला पाठवणीच्या विभागात जायचंय, खोकी मोजायला. ठीक आहे, मोजू.

पण पुढचं ऐकून मी उभा होतो तो बसलो. सगळे पार्ट भंगारात द्यायचे, आणि देण्याआधी हातोड्याने फोडायचे. एकही वापरता येता कामा नये. मी विचारलं, का? साहेब चिडले वगैरे नाहीत. समजावून सांगितलं, जसं आजारी माणसाला सांगतात. "बाबा, जुने पार्ट बाजारात फिरत राहिले तर लोक जुनी मशीनं दुरुस्त करत बसतील. मग नवं घेणार कोण?"

"आणि नमुन्याचं कपाट?"

"मॉडेलच नाही तर नमुना कशाचा?"

सोमवार, २५

फोडायला सुरुवात केली. दोन हमाल दिलेत, पण त्यांना फोडण्याची जागा मलाच दाखवावी लागते. दांडा मधोमध वाकवायचा. चाकाचे दाते एका बाजूने चेपायचे, एवढ्यानेही ते निकामी होतं. वस्तू कशी चालते ते माहीत असलं की ती कशी मोडते तेही माहीत असतं. हमाल म्हणाला, "बाबा, नवीकोरी आहेत की हो ही. तेलाचा कागदसुद्धा निघालेला नाही." मी म्हटलं, हातोडा चालव.

फाटकावर कर्नलने डबा उघडला, आत वाकून पाहिलं आणि म्हणाला, "एवढासाच डबा? वहिनींना सांगा, मोठा देत जा. पिशवी आणा एखादी." मी काही हडकलो नाहीये. माणूस कामाने पिचलेला असताना याला थट्टा सुचते.

बुधवार, २७

खण रिकामे होत आलेत. कान बधिर झालेत, जेवताना चमचा वाजला तरी दचकतो.

कर्नल आज तपासताना डोळे किलकिले करत म्हणाला, "हल्ली जवळचं काही दिसत नाही मला. डब्यात हत्ती असला तरी कळायचा नाही." हे मोठ्याने, चारचौघांत! फाटकावर आंधळा पहारेकरी ठेवायचा म्हणजे काय? खरं तर साहेबांना सांगायला हवं. पण म्हातारपणी त्याची नोकरी कशाला घालवा? मी त्याला म्हटलं, चष्मा करून घ्या. त्याने कपाळावर हात मारला. करून घेत नसणार, माणूस हट्टी.

शुक्रवार, २९

उद्या फक्त नमुन्याचं कपाट राहिलंय.

आज साहेबांकडे गेलो आणि सरळ विचारलं. बहिणीसाठी एक चाक हवंय, भंगाराच्या भावाने द्या, रीतसर लिहून घ्या. साहेब म्हणाले, "तुम्हाला दिलं की सगळ्यांना द्यावं लागेल. नियम तुम्हीच पाळता ना बाबा? सगळे सांगतात मला." कौतुकाने म्हणाले. माझंच बोलणं माझ्या तोंडावर आलं. ताईला मी हेच ऐकवलं होतं.

शाळेच्या शर्टांना आता दोन आठवडे उरलेत. ताई आणि बाया हाताने काजं करतायत म्हणे. हाताने कितीशी होणार?

शनिवार, ३०

होईल तसं लिहितो.

कपाट सकाळी उघडलं. तारेवरून एकेक नग काढला, जुन्या रुमालाने पुसला आणि हमालापुढे ठेवला. पुसायची गरज नव्हती, सवय. पितळी चाकाची वेळ आली तेव्हा हमाल पाणी प्यायला गेला होता. चाक माझ्या मुठीत होतं. ते मुठीतच राहिलं. मग ते रुमालात गेलं आणि रुमाल डब्याच्या खालच्या खणात. मी चोरी केली. दुसरा शब्द नाही. एवढी वर्षं ज्या कपाटाची किल्ली मी करदोट्याला बांधून फिरलो, त्यातून मीच चोरलं.

बाकीचे सगळे मी फोडले. माझ्या डोळ्यांसमोर, मी दाखवलेल्या जागी.

सुटताना रांगेत उभा राहिलो. कर्नलने वरचा खण उघडला, रिकामा. खालचा उघडला. रुमालाची घडी उलगडली. लाल ठिपका वर आला. जवळचं दिसत नाही म्हणणाऱ्या माणसाने तो चांगला निरखून पाहिला. मला वाटलं, संपलं आता. नोकरी, नाव, सगळं.

कर्नल म्हणाला, "वहिनी डब्यात पितळ देतात होय? दात जपा बाबा." रुमालाची घडी पुन्हा जशीच्या तशी घातली. मग माझ्या खिशांकडे पाहिलं, काखेकडे पाहिलं. "एवढंच?"

आणखी काय काय लपवलंय असं तो विचारतोय हे मला कळलं. "एवढंच," मी म्हणालो. त्याने मान हलवली आणि मला जाऊ दिलं. त्याला खरंच दिसलं नसेल का? का दया आली? काही कळत नाही.

रविवार, ३१

ताईकडे गेलो. दार तिनेच उघडलं. मी काही न बोलता चाक तिच्या हातावर ठेवलं.

तिने ठिपका पाहिला. माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग मला आत ओढलं आणि दार लावून घेतलं. "कुणी पाहिलं नाही ना तुला? वेडा आहेस का तू? नोकरी गेली असती म्हणजे?" मला रडू आलं. या वयात बहिणीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो, लाज वाटली नाही.

मी म्हटलं, चल, बसवून देतो, उद्यापासून काजं सुरू.

ताईने मूठ मिटली. "बसवायचं नाही. शेवटचा नग आहे ना? हे झिजलं की पुढे काय दाखवणार आपण लेथवाल्याला? आधी चार करून घे. तोवर आम्ही हाताने करू."

नियम माझा, आणि मला तो आता शिकवत होती ती.

बुधवार, ३

लेथवाल्याकडे अर्धा दिवस बसून राहिलो. चाक त्याच्या हातात असेपर्यंत जागचा हललो नाही. त्याने मोजलं, कापलं, कानस मारली, पुन्हा मोजलं. चार चाकं झाली. नमुना परत माझ्या रुमालात.

बसल्या बसल्या एक गोष्ट डोक्यात आली आणि जेवणावरची वासना उडाली. नमुना बाहेर न्यायचा तर मी त्याच्याबरोबर जायचं, एवढंच करायचं होतं. एक दुपार रजा, आणि चाक संध्याकाळी कपाटात. नियम कुठे मोडत होता? ताई समोर बसून हेच मागत होती. मला का सुचलं नाही?

शनिवार, ६

मशीन चालतंय! सकाळी बसवलं. पहिलं काज निघालं तेव्हा तिघी बाया ओरडल्या. काजवाली आली नव्हती, तिला निरोप गेलाय. ताई आज मला "अरे ए बापू" म्हणाली. ते पांढरं मशीन कोपऱ्यात आहे, त्यावर कपड्यांचे गठ्ठे ठेवतात. त्या कामाला छान आहे.

रविवार, १४

शर्ट काल शाळेत पोचले. ताईने चहाला बोलावलं म्हणून आम्ही दोघं गेलो.

एक शर्ट मागे राहिला होता, बाहीला डाग पडलेला. मी सहज हातात घेतला. सगळ्यात खालचं काज आडवं होतं.

मी म्हटलं, ही चूक कुणाची? काजवाली बसली होती, ती हसली. "चूक नव्हे हो. खालचं आडवं केलं की वाकलं, बसलं तरी बटण सुटत नाही. मी सगळ्यांना तसंच करते."

"आमच्या फाटकावर कर्नल आहे. त्याच्या शर्टाला असंच..."

"असणारच. ते आमचेच," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

ही आणि ताई एकमेकींकडे बघून हसत सुटल्या. म्हणजे मशीन बंद पडल्याचं त्याला घरातच कळत होतं. हिच्यावर मी उगाच संशय घेतला, तसं हिला सांगितलंही. "चला, एकदा तरी कबूल केलंत," म्हणाली.

तेवढ्यात दुकानात एक शिंपी आला. दोन गल्ल्या पलीकडचा, हातात कागदाची पुडी. त्याच्याकडे आमचंच जुनं मशीन आहे, शिलाईचं. आतला बोटाएवढा दांडा तुटलाय. लेथवाल्याने सांगितलं म्हणे, स्टोअरबाबाकडे नमुने आहेत. पुडी उघडून त्याने दोन तुकडे टेबलावर ठेवले. दांडा मी ओळखला. वरून तिसरी तार, डावीकडून दुसरा. कपाट रिकामं केलं त्या शनिवारी सकाळी मी तो पुसला होता आणि कुठे वाकवायचा ते बोटाने दाखवलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "तो नाही."

"कुठे मिळेल?"

"कुठेच नाही. मी फोडला."

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. ताईने त्याला चहा दिला. माझा तसाच निवला.

सोमवार, १५

फाटकावर मी कर्नलपुढे डबा स्वतःच उघडून धरला. दोन्ही खण. तो म्हणाला, "राहू द्या बाबा, तुमचं काय बघायचं?"

मी म्हटलं, काल तुमच्या घरच्या भेटल्या. उपकार झाले तुमचे.

त्याने मागेपुढे पाहिलं. आजूबाजूला कुणी नव्हतं. मग म्हणाला, "उपकार कसले? मी आठवडाभर तुम्हाला सांगत होतो. मोठा डबा आणा म्हटलं, पिशवी आणा म्हटलं, दिसत नाही म्हटलं. आणखी कसं सांगणार होतो? रोज डबा उघडताना वाटायचं, आज काहीतरी आणलं असेल." त्याने डब्याचं झाकण लावून माझ्या हातात दिलं. "सगळं कपाट बाहेर गेलं असतं बाबा. तुम्ही शेवटच्या दिवशी आलात, ते एकच चाक घेऊन."

मागे रांग लागली. मी पुढे झालो. पाठवणीच्या विभागात आज पांढरी खोकी मोजली, दुपारपर्यंत तीनदा चुकलो.